पठारावरचे शांत रस्ते: सायकलचा रूट कसा शोधायचा आणि कसा करायचा

डोंगरी पठारावर राईड करायची म्हटलं की बहुतेक जण आधी एकूण चढ किती आणि सगळ्यात उंच पॉइंट कुठला हे बघतात. मी आधी एकच बघतो, या रस्त्यावरून गाडी घेऊन कोण जातं, कधी जातं आणि कशासाठी जातं. चढाला हलका गिअर लावता येतो, वेळ देता येतो, अगदीच झालं तर उतरून चालता येतं, पण पाठीमागून दर मिनिटाला ट्रक येत असेल तर त्यावर सायकलवाल्याकडे काहीही इलाज नसतो. आणि पठारी भागात शांत रस्ते खरंच भरपूर असतात, फक्त ते नकाशावर आपणहून उठून दिसत नाहीत, शोधावे लागतात. इथे मी फक्त डांबरी रस्त्यांबद्दल लिहितोय, कच्च्या वाटांचं गणित वेगळं असतं.

आधी पठाराचा आकार डोक्यात बसवा

नेहमीच्या डोंगररांगेत कसं असतं, एक दरी, एक घाट, एक खिंड, पलीकडे दुसरी दरी. पठाराचं तसं नाही. वर बऱ्यापैकी सपाट किंवा लाटांसारखा चढउतार, त्यावर छोट्या गावांना जोडणाऱ्या रस्त्यांचं जाळं, आणि चारी बाजूंनी कडे. म्हणजे वर रस्त्यांना तोटा नाही पण वर चढायचे रस्ते मात्र मोजकेच, आणि पठारावर येणारी प्रत्येक गाडी, दुधाचा टँकर असो नाहीतर टुरिस्टची बस, त्या मोजक्या घाटांतूनच येणार. त्यामुळे रूट आखताना बहुतेक लोक वरून सुरुवात करतात तसं करू नका, आधी चढायचा रस्ता आणि उतरायचा रस्ता नक्की करा, मधलं वरचं जाळं नंतर आपोआप जुळतं.

आता चढायला कुठला आणि उतरायला कुठला, यात माझं मत एकदम स्पष्ट आहे. चढताना तुमचा स्पीड ८-१० चा आणि मागून येणाऱ्या गाडीचा ६०, हा फरक धोकादायक असतो, शिवाय दमल्यावर सायकल थोडी डुलते, सरळ रेष धरता येत नाही. उतरताना तुम्हीच ३५-४० ला असता, गाड्यांशी फरक कमी होतो, पण तेव्हा खड्डा, खडी आणि आंधळं वळण महागात पडतं. म्हणून चढायला जुना, अरुंद, जास्त तीव्र असला तरी रिकामा रस्ता घ्यायचा आणि उतरायला जरा रुंद, चांगल्या डांबराचा, पुढचं लांबवर दिसणारा रस्ता, मग त्यावर थोडी रहदारी असली तरी चालेल. हे उलटं केलं तर दोन्ही बाजूंनी त्रास होतो, तरी बरेच रेडिमेड रूट उलटेच आखलेले असतात कारण चढ "सोपा" दाखवायचा असतो.

सगळ्यात चांगला चढ म्हणजे ज्या जुन्या रस्त्याला शेजारीच नवा हायवे किंवा बोगदा झालाय तो. नवा रस्ता झाला की लांब पल्ल्याची सगळी गर्दी तिकडे जाते आणि जुना रस्ता, जो कधीकाळी मुख्य रस्ता म्हणून बांधलेला होता, म्हणजे चढ बेताचा, वळणं नीट, कठडे मजबूत, तो जवळजवळ तुमच्यासाठी मोकळा होतो. स्वित्झर्लंडमधे गॉटहार्डचा १६.९ किलोमीटरचा रोड बोगदा १९८० मधे सुरू झाला आणि त्याच्या वर डोंगरात वळणं घेत जाणारा जुना दगडी फरसबंदीचा त्रेमोला रस्ता आज सायकलवाल्यांचा आवडता आहे. दक्षिण फ्रान्समधे तार्न नदीवरचा मिलोचा उंच पूल २००४ च्या डिसेंबरमधे खुला झाला, त्याआधी उत्तर-दक्षिण जाणारी वाहनं पठारावरून खाली मिलो गावात उतरून परत समोरच्या पठारावर चढायची आणि उन्हाळ्यात तिथे प्रचंड कोंडी व्हायची, आता ती वरच्यावर पुलावरून जातात. तुमच्या पठाराच्या बाबतीत असं काही झालंय का हे शोधायला अवघड नाही, नकाशावर मोठ्या रस्त्याला चिकटून, त्याला इकडून तिकडून ओलांडत वळणं घेत जाणारी बारीक रेघ दिसली की तो बहुतेक जुना रस्ताच. फक्त मधे कुठे दरड कोसळून कायमचा बंद झालेला नाही ना एवढं तपासा, कारण जुन्या रस्त्यांची डागडुजी सगळ्यात शेवटी होते.

आणि पठारावरची एक फसवी गोष्ट. नकाशावर दोन पठारं शेजारी शेजारी दिसतात, मधे एक बारीक निळी रेघ, वाटतं की इकडून तिकडे गेलो की झालं. ती निळी रेघ म्हणजे नदी आणि नदीने खोल घळ कापलेली असते. तार्नच्याच घळीचं घ्या, सोवतेर आणि मेजां ही दोन पठारं समोरासमोर आहेत, काही ठिकाणी कड्यापासून कड्यापर्यंतचं अंतर जेमतेम एक-दोन किलोमीटर, पण रस्त्याने जायचं तर ४०० ते ५०० मीटर खाली उतरून तेवढंच परत चढायचं. म्हणून रूटमधे घळी किती ओलांडायच्यात ते आधी मोजा. एका दिवसात एक घळ ठीक आहे, दोन असतील तर अंतर कमी करा, आणि शक्यतो घळ पहिल्या अर्ध्या भागातच उरकून टाका.

गाड्या कुठे जातात ते नकाशावरून ओळखणं

बारीक रेघ म्हणजे शांत रस्ता असं समजू नका. दोन मोठ्या गावांमधला एकमेव शॉर्टकट असेल तर एका लेनचा रस्ता पण सकाळ-संध्याकाळ गाड्यांनी भरलेला असतो. यासाठी मी एक साधी टेस्ट करतो. पठाराच्या दोन बाजूंना जी मोठी शहरं असतील ती घ्यायची, गाडीच्या नेव्हिगेशनमधे एकाहून दुसरीकडचा रस्ता विचारायचा, मग आजूबाजूच्या तीन-चार जोड्यांसाठी तेच करायचं, आणि वेळ बदलून बघायची, एकदा कामाच्या दिवशी सकाळची, एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारची. नेव्हिगेशन ज्या रस्त्यावरून नेईल, पर्यायी म्हणून दाखवलेला रस्ता धरून, तो तुमच्या यादीतून बाद. जो रस्ता कुठल्याच जोडीला सुचवला जात नाही तो खरा उमेदवार.

ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर रस्त्यांचे वर्ग असतात, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी आणि त्याखाली अनक्लासिफाइड. हा शेवटचा शब्द वाचून घाबरू नका, त्याचा अर्थ फक्त एवढाच की छोट्या गावांना जोडणारा साधा सार्वजनिक रस्ता, आणि आपल्याला सगळ्यात जास्त तोच हवा असतो. टर्शरी पण पठारावर चालतो. त्यावर सायक्लओएसएम नावाचा सायकलवाल्यांसाठीचा लेयर लावला तर रस्त्याचा पृष्ठभाग कसला आहे हे पण दिसतं, जिथे कुणी ती माहिती भरली आहे तिथे. ट्रॅक म्हणून दाखवलेल्या तुटक रेघांपासून बारीक टायरच्या रोड सायकलवाल्यांनी लांब राहावं, काही ट्रॅक डांबरी निघतात पण बरेच दोन किलोमीटरनंतर खडी आणि चिखल होतात.

मग प्रत्येक रस्त्याच्या टोकाला काय आहे ते सॅटेलाइटवर बघायचं. दगडाची खाण वरून पांढऱ्या-करड्या चट्ट्यासारखी दिसते, आणि खाण दिसली की तिथून हायवेपर्यंतच्या रस्त्यावर कामाच्या दिवशी डंपर धावणार हे पक्कं समजा. लाकडाची वखार, धरणाचं काम, पवनचक्क्या उभारायचं काम चालू असेल तर तेच. काम संपल्यावर मात्र हेच रस्ते सोनं होतात, पवनचक्क्यांपर्यंत जड ट्रेलर न्यायचे म्हणून रस्ता रुंद आणि पक्का केलेला असतो आणि नंतर त्यावर देखभालीची एखादी जीप सोडून कुणीच नसतं, फक्त तो सार्वजनिक आहे की मधे गेट आहे हे बघून घ्या. व्ह्यू पॉइंट, धबधबा, तलाव, किल्ला अशा जागेकडे जाणारा रस्ता याच्या बरोबर उलट वागतो, मंगळवारी सकाळी कुत्रं पण नसतं आणि सुट्टीच्या दिवशी अकरानंतर पार्किंगला जागा नसते.

स्ट्रीट व्ह्यू असेल तर त्यावर अर्धा तास घालवाच. मी काय बघतो ते सांगतो. मधली पांढरी रेघ आहे का? मधली रेघच नसेल तर रस्ता अरुंद आणि सहसा कमी वापराचा. डांबराच्या कडेला गवत आत आलंय का, मधोमध शेवाळाची किंवा मातीची पट्टी दिसते का, तशी पट्टी असेल तर चाकं सतत ठरावीक दोन चाकोऱ्यांतूनच जातायत आणि तीही क्वचित. कडा तुटून खडबडीत झाल्यात का, म्हणजे मोठ्या गाड्या एकमेकांना जागा देताना कडेवर जातायत, हे वाईट लक्षण. साइड पट्टीवर बाटल्या आणि टपऱ्यांचे पत्रे दिसतायत का, म्हणजे लोक थांबतात. कॅमेऱ्याने दहा किलोमीटरमधे किती वाहनं टिपलीत ते मोजा, आणि फोटो कुठल्या साली, कुठल्या महिन्यात घेतलाय ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं ते वाचा, पाच-सात वर्षांपूर्वीचा फोटो असेल तर त्यावर फार भरवसा ठेवू नका.

स्ट्राव्हा या राईड नोंदवायच्या ॲपचा हीटमॅप, म्हणजे लोकांच्या राईडच्या रेघांचा नकाशा, सगळेच बघतात, पण तो सायकली कुठे जातात ते सांगतो, गाड्या कुठे नाहीत ते सांगत नाही. शहराजवळचा रुंद साइड पट्टीचा हायवे पण त्यावर चमकतो. पठारावर त्याचा खरा उपयोग एवढाच की बारीक रस्त्यावर पुसटशी का होईना रेघ आहे म्हणजे कुणीतरी तिथून सायकलने आरपार गेलंय, रस्ता मधेच संपत नाही.

काही देशांत रस्ते विभाग वाहनांची मोजणी प्रसिद्ध करतो, दिवसाला सरासरी किती वाहनं ते. तो आकडा सायकलवाल्याच्या भाषेत असा वाचायचा: दिवसाला १००० वाहनं, ती साधारण १५-१६ तासांत जातात, म्हणजे तासाला ६०-६५, दोन्ही दिशा मिळून मिनिटाला एक. हे माझ्या दृष्टीने चालण्याजोगं आहे, शांत नाही. ३०० वाहनं म्हणजे तीन मिनिटांना एक, तिथे मित्राशी गप्पा मारत जाता येतं. २०००-३००० च्या वर गेलं तर चढाच्या रस्त्याला मी फुली मारतो. आणि एकूण आकड्यापेक्षा त्यातली जड वाहनं किती हे जास्त महत्त्वाचं, ३०० मधले १०० डंपर असतील तर काय शांतता.

जुन्या रेल्वेमार्गांकडे पण लक्ष ठेवा. रेल्वेला फार चढ झेपत नाही, त्यामुळे बंद पडलेल्या मार्गाचा जिथे सायकलमार्ग केलाय तिथे पठारावर चढणं एकदम सोपं होतं आणि गाडी तर शून्य. बेल्जियम, जर्मनी आणि लक्झेंबर्ग अशा तीन देशांतून जाणारा व्हेनबान हा १२५ किलोमीटरचा मार्ग असाच जुन्या रेल्वेवर बनलाय आणि तो आखेनहून हाय फेन्सच्या पठारी भागातून जातो. स्पेनमधे १९९३ पासून व्हियास व्हेर्देस नावाने जुन्या रेल्वेमार्गांचे असे रस्ते करणं चालू आहे. पृष्ठभाग सगळीकडे डांबरी असतोच असं नाही, त्यामुळे टायर बघून ठरवा.

लूप कुठल्या दिशेने फिरायचा याला पण थोडं डोकं लावा. जिथे डाव्या बाजूने गाडी चालवतात तिथे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरलात तर बहुतेक वळणं डावीकडची येतात, समोरून येणारी लेन ओलांडावी लागत नाही, आणि कड्याच्या काठच्या रस्त्यावर तुम्ही दरीच्या बाजूला न राहता आतल्या बाजूला राहता. उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशात याच्या उलट. चढ-उतार आणि वारा यांचं गणित आड आलं तर हे सोडून द्या, पण बाकी सगळं सारखं असेल तर ही दिशा बरी.

वेळ

पहाटेचे दोन-तीन तास म्हणजे अर्धी राईड. हे कुठल्याही रस्त्याला लागू आहे पण घाटाला विशेष, कारण उजाडताना चढायला लागलात तर टुरिस्ट उठायच्या आत तुम्ही वर असता, आणि वर एकदा जाळ्यात शिरलात की मग उशीर झाला तरी बिघडत नाही. कामाचा दिवस की सुट्टी, हे रस्त्यानुसार. खाण, वखार, धरणाचा रस्ता सुट्टीला, व्ह्यू पॉइंटचा रस्ता कामाच्या दिवशी. सुगीच्या दिवसांत ट्रॅक्टर वाढतात, ते हळू असतात म्हणून त्रास नाही, पण रस्त्यावर माती आणि काडीकचरा पडतो आणि त्यावर पाऊस झाला की वळणावर सायकल घसरते. उंच पठारांवर हिवाळ्यात रस्ते बंद असतात आणि बर्फ वितळून रस्ता नुकताच खुला झाल्यावरचे पहिले काही दिवस सुंदर असतात, गर्दी अजून आलेली नसते, पण तेव्हाच दरडींचे दगड आणि हिवाळ्यात टाकलेली बारीक खडी रस्त्यावर असते, सावकाश उतरा.

गिअर आणि चढाचं गणित

१ किलोमीटरमधे १०० मीटर चढ म्हणजे १० टक्के, हे सगळ्यांना माहीत आहे, पण ॲप जो सरासरी आकडा दाखवतं त्यावर जाऊ नका. पठाराच्या कडेचा चढ बऱ्याचदा खाली ४ टक्के, शेवटी कड्यापाशी १२-१३ टक्के असा असतो, सरासरी ७ दिसते आणि शेवटच्या दोन किलोमीटरमधे जीव जातो. नकाशावरच्या समोच्च रेषा शेवटी कशा एकमेकींना चिकटल्यात ते बघा. मिशेलिनच्या कागदी नकाशांवर तीव्र चढाला बाणाच्या खुणा असतात, जितके बाण जास्त तितका चढ तीव्र, मला ती पद्धत अजूनही कुठल्याही ॲपपेक्षा पटकन समजते.

गिअरचा हिशोब करून दाखवतो. पुढे ३४ दात आणि मागे ३४ दात म्हणजे पॅडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी, साधारण २.१ मीटर. मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर ताशी ८.८ किलोमीटर. सायकल-सामानासकट ८५ किलो वजन आणि ८ टक्के चढ धरला तर यासाठी १७५ वॉटच्या आसपास लागतात. तेच मागे २८ दात असतील तर त्याच ७० फेऱ्यांना ताशी १०.७ किलोमीटर आणि वॉट लागतात २१० च्या घरात. तासभर चढायचं असेल तेव्हा हा ३५ वॉटचा फरक फार मोठा आहे, त्यामुळे मागे ३४ किंवा त्याहून जास्त दातांचं गिअरचं चक्र लावून घ्यायला अजिबात लाजू नका. सामान घेऊन बहुतेक लोक तासाला ४०० ते ६०० मीटर उंची चढतात, १००० मीटर चढ असेल तर दोन ते अडीच तास फक्त चढाचे धरा आणि मग दिवसाचं वेळापत्रक बनवा.

टायर २८ ते ३२ एमएमचे. छोट्या रस्त्यांवर डांबरात खडी दाबून केलेला खरखरीत पृष्ठभाग असतो, त्यावर बारीक कडक टायरने हातांना मुंग्या येतात आणि स्पीड पण वाढत नाही. हवा थोडी कमीच बरी.

वारा, थंडी आणि वीज

पठारावर वाऱ्याला अडवायला काही नाही. तुम्ही २० ने जाताय आणि समोरून २० चा वारा आहे तर अंगावर ४० चा वारा येतो, आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो म्हणजे बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा चौपट. तोच वारा पाठीमागून आला तर विरोध जवळजवळ शून्य. म्हणून वरच्या सपाट भागात जाताना समोरून आणि येताना मागून वारा येईल असं आखा, ताजे पाय आधी खर्च करा. दुपारी ऊन तापलं की वारा दऱ्यांतून वर चढतो आणि संध्याकाळी खाली वाहायला लागतो हे पण लक्षात असू द्या, मोकळ्या कड्यावरून घाटात शिरताना बाजूने झोत येतो आणि हलकी सायकल हलवतो, तिथे हँडल खालून धरा.

१००० मीटर वर गेलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. खाली २५ असेल तर २००० मीटर वर १२, आणि त्यात घामाने भिजलेलं अंग आणि उतारावरचा ५० चा वारा. विंडचीटर आणि फुल बोटांचे ग्लोव्ह्ज खिशात हवेतच, उन्हाळ्यात सुद्धा, कारण बोटं गार पडली की ब्रेक दाबताच येत नाही आणि ते बरोबर उताराच्या मधे कळतं.

विजेबद्दल मी फार कडक आहे. उघड्या पठारावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत आसरा घ्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबा. एकटं झाड, उघडं शेड, बस स्टॉपचा पत्रा, हे आसरे नाहीत. उन्हाळी वादळं बहुतेक दुपारनंतर होतात, त्यामुळे पठाराचा सगळ्यात उघडा भाग दुपारच्या आत पार व्हायला हवा, इथे परत पहाटेच निघायचा मुद्दा येतो.

पठार ३००० मीटरच्या वरचं असेल तर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७० टक्क्यांवर आलेला असतो आणि ताकद कमी पडते ती तुमच्या फिटनेसमुळे नाही. तिथे झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. डोकं दुखतंय, मळमळतंय तर वर जायचं थांबवा, त्रास वाढला तर खाली उतरा.

पाणी

चुनखडीचं पठार असेल तर पाण्याचा प्रश्न गंभीर आहे. पाऊस कितीही पडो, पाणी दगडाच्या भेगांतून खाली जातं आणि घळीच्या तळाशी झरे होऊन बाहेर येतं, वर ओढा नाही, विहीर नाही, हिरवंगार दिसतं पण मैलोन्‌मैल पाणी मिळत नाही. मगाशी सांगितलेली तार्नच्या आजूबाजूची पठारं अशीच आहेत. तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं, दोन मोठ्या बाटल्या तीन तासांत संपतात, त्यामुळे घळ ओलांडताना नदीकाठच्या गावातच भरून घ्या आणि वर ४० किलोमीटर काही मिळणार नाही असं धरून चला. खाण्याचं पण तेच, लांब राईडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेले पाहिजेत आणि छोट्या गावातलं एकमेव दुकान नेमकं आज बंद असू शकतं. सगळं बरोबर ठेवा.

उतार

शांत रस्त्यावर एक वेगळा धोका असतो. तिथे रोज गाडी चालवणाऱ्यांना समोरून कुणी येईल असं वाटतच नाही, ते वळण मधोमध कापतात. त्यामुळे रस्ता रिकामा आहे म्हणून तुम्ही पण वळण कापायला जाऊ नका. आंधळ्या वळणाला आपल्या बाजूलाच राहायचं, आणि स्पीड एवढाच ठेवायचा की जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात थांबता येईल. स्पीड दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, ४० ऐवजी ३० ने गेलात तर ते अंतर जवळजवळ निम्मं होतं.

ब्रेक वळणाच्या आधी सरळ रेषेत मारायचा, वळणात सोडायचा. हात सतत ब्रेकवर दाबून उतरू नका, रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर पॅड काचेसारखे गुळगुळीत होऊन पकड जाते. दाबा, स्पीड उतरवा, सोडा, हवा लागू द्या. डोळे वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर. आणि घाटातल्या बारीक रस्त्यांवर वळणाच्या बाहेरच्या कडेला खडी सरकून साचते, गाड्यांची चाकं जिथून जातात ती पट्टी साफ असते, त्या पट्टीतून जायचं.

गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून काही पठारांवर रस्त्यात आडव्या लोखंडी सळयांची जाळी बसवलेली असते. ती एकदम काटकोनात पार करायची, हँडल सरळ, ब्रेक नाही, पॅडल नाही. ओली असेल तर बर्फासारखी निसटती असते, तिरकी गेलात तर पडलातच.

बोगदा असेल तर सायकलला परवानगी आहे का ते आधी बघा, नसेल तर बोगद्याला वळसा घालणारा जुना रस्ता बहुतेक शिल्लक असतो. दिवसाची राईड असली तरी मागचा लाल आणि पुढचा पांढरा लाइट हवाच.

जनावरं आणि राखणीचे कुत्रे

पठार म्हणजे चरायची कुरणं. गाई-म्हशी रस्त्यात बसलेल्या असतील तर लांबूनच बोलायला लागा, आवाज ऐकून त्या उठतात, घंटी वाजवत मधे घुसलात तर बिथरतात. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीच जायचं नाही.

मेंढ्यांच्या कळपाबरोबर राखणीचे मोठे कुत्रे असतात, ते लांडग्यापासून कळप सांभाळायला वाढवलेले असतात आणि जोरात येणारी सायकल त्यांना हल्ल्यासारखी वाटते. जोरात पळून सुटायचा मोह होतो, तो आवरा, चढावर तर तुम्ही सुटूच शकत नाही. लांबूनच हळू व्हा, सायकलवरून उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मधे धरा, डोळ्याला डोळा न भिडवता शांत आवाजात बोलत चालत जा, कळपाला शक्य तेवढा वळसा घाला. काठी उगारू नका, दगड मारू नका. कुत्रा येऊन वास घेतो, तुम्ही धोका नाही हे त्याला पटलं की परत कळपाकडे जातो. कळप बराच मागे पडला की मगच सायकलवर बसा.

नेटवर्क नसतं हे धरूनच चला

कमी रहदारीचा रस्ता म्हणजे पंक्चर झाल्यावर लिफ्ट द्यायला पण कुणी नाही. दोन ट्यूब, पॅच किट, पंप, चेन तोडायचं टूल, तुटलेली चेन जोडायची एक क्विक लिंक आणि तुमच्या सायकलचा डेरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला ज्यावर बसतो तो तुकडा, हा शेवटचा छोटासा तुकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो आणि गावात कुठेच मिळत नाही. रूटची फाइल सायकल कॉम्प्युटरमधे आणि फोनमधे, दोन्हीकडे ऑफलाइन. घरी कुणालातरी रूट आणि "या वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध घ्या" अशी ठरलेली वेळ सांगून जायची. तुमच्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर जगात बऱ्याच ठिकाणी ११२ लागतो, तो लावून बघा.

आणि नवीन पठारावर पहिल्याच दिवशी १२० किलोमीटरचा मोठा लूप टाकू नका. ज्या गावात मुक्काम आहे तिथून इंग्रजी आठच्या आकाराचे दोन छोटे लूप करा, प्रत्येकी ३०-४० चे, म्हणजे मधे परत गावात येता, पाणी भरता, हवा बघता आणि मग दुसरा करायचा की नाही ते ठरवता. पहिल्या लूपमधे कुठल्या फाट्यावर गाड्या जास्त दिसल्या, कुठल्या रस्त्यावर गवत डांबरात आलेलं होतं ते फोनवर लगेच टिपून ठेवा, त्यावरूनच दुसऱ्या दिवसाचा मोठा रूट बदलायचा.